इमारत आपली, पण खालची जमीन कोणाच्या नावावर? ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांसाठी डीम्ड कन्व्हेयन्सची संपूर्ण माहिती

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या सभेत 'रिडेव्हलपमेंट' हा शब्द निघाला की पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो, 'आपलं कन्व्हेयन्स झालंय का?' बहुतेक वेळा त्यावर सभेत शांतता पसरते. कोणी म्हणतं, 'आपण फ्लॅट रजिस्टर केलाय ना, मग झालं.' कोणी म्हणतं, 'टॅक्स आपण भरतो, म्हणजे जमीन आपलीच.'

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. फ्लॅटचा करार नोंदवला, गृहकर्ज फेडलं, २५-३० वर्षं मालमत्ता कर भरला, तरी इमारतीखालची जमीन आपोआप रहिवाशांच्या नावावर होत नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून पाहिलं, तर अनेक ठिकाणी आजही मूळ शेतकरी कुटुंबाचं किंवा बिल्डरचं नाव दिसतं.

बिल्डरने जमीन दिली नाही तर सोसायटीला ती कायद्याने स्वतःच्या नावावर करून घेता येते. या प्रक्रियेला 'डीम्ड कन्व्हेयन्स', सरकारी भाषेत 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. ती नेमकी काय आहे, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत ती कुठे अडते आणि कशी पूर्ण करायची, ते समजून घेऊया.

कन्व्हेयन्स म्हणजे नेमकं काय?

तुम्ही फ्लॅट घेता तेव्हा बिल्डरशी करार करता आणि तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता. ठाण्यात या करारावर 'टनन' आणि कल्याणमध्ये 'कलन' अशा अक्षरांचा दस्त क्रमांक पडतो. या कराराने तुम्हाला एका ठरावीक फ्लॅटचा हक्क मिळतो.

पण इमारत ज्या प्लॉटवर उभी आहे तो प्लॉट, आजूबाजूची मोकळी जागा, पार्किंग, गच्ची, जिना, पाण्याची टाकी या गोष्टी कोणा एका सदस्याच्या नसतात. त्या सामाईक असतात. हा सामाईक भाग बिल्डर आणि जमीनमालकाकडून सोसायटीच्या नावावर करून देण्याचा नोंदणीकृत दस्त म्हणजे कन्व्हेयन्स डीड.

म्हणजे हस्तांतरण दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात फ्लॅट सदस्याला मिळतो, दुसऱ्यात जमीन आणि इमारत सोसायटीला मिळते. पहिला टप्पा प्रत्येक जण जातीने पूर्ण करतो, कारण त्याशिवाय बँक कर्ज देत नाही. दुसरा टप्पा सगळ्यांचा असतो, म्हणून तो कोणाचाच राहत नाही.

काही इमारतींमध्ये सोसायटीऐवजी 'अपार्टमेंट' असतं. तिथे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० लागू होतो. घोषणापत्र नोंदवलं जातं आणि प्रत्येक फ्लॅटधारकाला जमिनीत ठरावीक टक्के अविभाज्य हिस्सा मिळतो. सोसायटीत मात्र जमीन संस्थेच्या नावावर होते. या लेखात आपण सोसायट्यांबद्दल बोलतो आहोत.

जमीन नावावर नसेल तर बिघडतं काय?

रोजच्या आयुष्यात काहीच बिघडत नाही. म्हणून तर हा विषय वर्षानुवर्षं मागे पडतो. अडचण इमारत जुनी झाल्यावर कळते.

२० मे २०२५ ला कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीत स्लॅब कोसळून ६ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी २०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या अंतराने ठाकुर्ली आणि ठाण्यातल्या नौपाड्यात जुन्या इमारती कोसळल्या होत्या. दर पावसाळ्याआधी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची इमारत. 'सी-२ ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, 'सी-२ बी' म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करायची आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महापालिका कायद्यानुसार बंधनकारक आहे.

आता विचार करा, इमारत 'सी-१' ठरली आणि पाडली. तुमचा करार कशाचा होता? तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचा. तो मजला आता नाही. मागे उरते ती फक्त जमीन, आणि ती दुसऱ्याच्या नावावर आहे. रहिवाशांचा हक्क त्यामुळे संपत नाही. पण तो हक्क शाबीत करण्यासाठी भाड्याच्या घरात राहून, कोर्टाच्या तारखा सांभाळत भांडावं लागतं. धोकादायक इमारतीतून बाहेर पडायला लोक तयार होत नाहीत, त्यामागे हीच भीती असते. 'एकदा बाहेर पडलो तर परत येऊ का?'

याशिवाय आणखी तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, पुनर्विकास. नव्या बांधकामाची परवानगी मागताना महापालिका जमिनीच्या मालकीची कागदपत्रं मागते. जमीन सोसायटीची नसेल तर मूळ मालक आणि जुना बिल्डर यांच्या संमतीमागे धावावं लागतं आणि त्या संमतीची किंमतही मोजावी लागते.

दुसरं, एफएसआय. प्लॉटवर आणखी किती बांधकाम करता येईल हे एफएसआयवर ठरतं. डिसेंबर २०२० पासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि जुन्या नियमांपेक्षा अनेक प्लॉटवर जास्त बांधकाम शक्य झालं आहे. हा वाढीव हक्क जमिनीसोबत जातो. जमीन बिल्डरच्या नावावर असेल तर त्यावर पहिला दावा तोच सांगतो.

तिसरं, स्वयंपुनर्विकास. सोसायटीने बिल्डरशिवाय स्वतःच इमारत बांधायची ठरवली तर बँकेकडे तारण ठेवायला जमीन लागते. नावावर नसलेली जमीन तारण ठेवता येत नाही.

कायदा काय सांगतो?

मूळ कायदा आहे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, १९६३. सगळे त्याला 'मोफा' म्हणतात. त्याच्या कलम १० नुसार सोसायटी स्थापन करून देणं आणि कलम ११ नुसार जमीन-इमारतीचं हस्तांतरण करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर सोसायटी नोंदणी झाल्यापासून ४ महिन्यांत कन्व्हेयन्स झालं पाहिजे. तसं न करणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

तरीही कन्व्हेयन्स रखडत राहिलं. कारण साधं होतं. दस्तावर बिल्डरची सही लागायची आणि बिल्डर सही करायला येत नसे. मग सोसायटीने दिवाणी दावा लावायचा आणि निकालाची वाट पाहायची.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये मोफामध्ये दुरुस्ती झाली आणि २०१० मध्ये तिचे नियम आले. त्यानुसार बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. हा अधिकारी म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. कागदपत्रं तपासून आणि बिल्डरला म्हणणं मांडायची संधी देऊन त्यांनी ६ महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो. प्रमाणपत्र मिळालं की बिल्डरच्या सहीशिवाय एकतर्फी दस्त नोंदवता येतो. बिल्डरने सही केली असं कायदा 'मानतो', म्हणून ते 'मानीव'.

२२ जून २०१८ च्या शासन निर्णयाने कागदपत्रांची यादी आणखी छोटी झाली. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी नसेल तर स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करण्याची सोय झाली. ओसीअभावी अडकलेल्या जुन्या इमारतींसाठी हा मोठा दिलासा होता.

नव्या प्रकल्पांना २०१६ चा रेरा कायदाही लागू होतो. त्याच्या कलम १७ मध्येही सामाईक जागा रहिवाशांच्या संस्थेच्या नावावर करून देण्याची जबाबदारी बिल्डरवरच टाकली आहे. घोडबंदर रोडसारख्या पट्ट्यात एकाच लेआउटमध्ये अनेक टॉवर असतात. अशा ठिकाणी जमीन सहसा सगळ्या सोसायट्यांच्या मिळून झालेल्या फेडरेशनकडे जाते आणि शेवटचा टॉवर पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत गाडी कुठे अडते?

ही शहरं गावांवर उभी राहिली आहेत. तुम्ही पत्ता सांगताना 'डोंबिवली पूर्व' म्हणता, पण जमिनीच्या कागदावर मौजे आयरे, मौजे ठाकुर्ली, मौजे चोळे किंवा मौजे गजबंधन पाथर्ली असं लिहिलेलं असतं. कल्याणमध्ये मौजे चिकणघर, मौजे नेतिवली. इथे भातशेती होती. शेतकऱ्याने बिल्डरला जमीन विकली नाही, तर 'डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट' आणि 'कुलमुखत्यारपत्र' करून दिलं. बिल्डरने इमारत बांधली आणि फ्लॅट विकले. सातबारावर नाव मात्र शेतकऱ्याचंच राहिलं.

पुढे तो शेतकरी वारला. वारस लागले, त्यांच्यात वाटणीचे वाद झाले. दरम्यान बिल्डरची भागीदारी संस्था मोडली किंवा भागीदार शहर सोडून गेले. आज कन्व्हेयन्स मागायचं म्हटलं, तर एका इमारतीसाठी १५-२० जणांना नोटीस पाठवायची वेळ येऊ शकते. यावर उपाय आहे. जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवली जाते आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली जाते. मराठी वर्तमानपत्रांत सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि क्षेत्रफळ लिहिलेल्या ज्या छोट्या चौकटी दिसतात, त्यांतल्या अनेक याच असतात.

इथली दुसरी अडचण म्हणजे जमिनीचा प्रकार. प्रत्येक जमीन खासगी मालकीची नसते.

- एमआयडीसीची जमीन: डोंबिवलीतल्या एमआयडीसी निवासी भागात जमीन भाडेपट्ट्याने दिलेली आहे. तिथे मालकी मिळत नाही, भाडेपट्ट्याचा हक्क सोसायटीच्या नावावर होतो आणि त्यासाठी एमआयडीसीची परवानगी लागते.
- भोगवटादार वर्ग २ ची जमीन: सातबारावर असा शेरा असेल तर जमिनीवर सरकारचे निर्बंध आहेत. हस्तांतरणाआधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी पाहावी लागते.
- यूएलसीचा शेरा: १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. पण त्या काळात सूट मिळालेल्या जमिनींच्या सातबारावर इतर हक्कांच्या रकान्यात तो शेरा आजही दिसतो. ठराविक रक्कम भरून तो काढून घेण्यासाठी २०१९ मध्ये शासनाने धोरण आणलं.

तिसरी अडचण अनधिकृत बांधकामांची. तिचा विचार पुढे वेगळा केला आहे.

अर्ज कसा करायचा?

प्रक्रिया क्रमाने पाहूया.

पायरी १: जमिनीचा कागद काढा. जमीन कोणाच्या नावावर आहे हे आधी बघा. सातबारा 'महाभूमी'च्या संकेतस्थळावर मिळतो. सर्व्हे नंबर फ्लॅटच्या कराराच्या शेवटी असलेल्या परिशिष्टात असतो. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाराऐवजी प्रॉपर्टी कार्ड असतं. इतर हक्कांच्या रकान्यातला प्रत्येक शेरा वाचा.

पायरी २: सर्वसाधारण सभेत ठराव करा. डीम्ड कन्व्हेयन्ससाठी अर्ज करायचा, त्यासाठी कोणाला अधिकार द्यायचे आणि खर्च कसा उभा करायचा, हे ठरावात स्पष्ट लिहा.

पायरी ३: बिल्डर आणि जमीनमालकाला नोटीस द्या. कन्व्हेयन्स करून द्या, अशी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावत्या जपून ठेवा. पाकीट परत आलं तर तेही न फोडता ठेवा, तो पुरावा आहे.

पायरी ४: कागदपत्रं जमवा. साधारणपणे ही कागदपत्रं लागतात:

- सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सभेचा ठराव
- सदस्यांची यादी आणि प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू
- फ्लॅटच्या नोंदणीकृत कराराची प्रत
- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफारांसह
- जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला विकास करार, कुलमुखत्यारपत्र
- मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी
- ओसी, किंवा ते नसल्यास स्वयंघोषणापत्र
- क्षेत्रफळाबद्दल आर्किटेक्टचं प्रमाणपत्र
- बिल्डरला पाठवलेली नोटीस आणि पोचपावत्या
- कन्व्हेयन्स डीडचा मसुदा

विकास करार बिल्डर देत नसेल तर घाबरू नका. तो नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रत मिळते. मंजूर नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागाकडून माहितीच्या अधिकारात मागता येतो. एखाद्या सदस्याचा इंडेक्स टू हरवला असेल तर तो नोंदणी विभागाच्या 'ई-सर्च'वर शोधता येतो.

पायरी ५: अर्ज दाखल करा. अर्ज नमुना ७ मध्ये, २,००० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करायचा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही ठाणे जिल्ह्यात येत असल्याने अर्ज ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडेच जातो. गोखले रोडवरच्या गावदेवी भाजी मंडईच्या इमारतीतलं हे कार्यालय इथल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना चांगलं ओळखीचं आहे.

पायरी ६: सुनावणी. विरोधी पक्षाला नोटीस निघते. तो आला तर त्याचं म्हणणं ऐकलं जातं, नाही आला तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो. प्रत्येक तारखेला सोसायटीचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे.

पायरी ७: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. आदेश आणि प्रमाणपत्र मिळालं की दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी जातो, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेतलं जातं. मग दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताची नोंदणी होते. त्याआधी दुय्यम निबंधक बिल्डरला कारणे दाखवा नोटीस काढतात.

किती जमीन मिळते?

प्लॉटवर एकच इमारत असेल तर उत्तर सोपं आहे. करारात आणि मंजूर नकाशात जो प्लॉट आहे तो.

एका लेआउटमध्ये अनेक इमारती असतील तर बांधकामाच्या प्रमाणात हिस्सा ठरतो. उदाहरणार्थ, ४,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर ४ इमारती आहेत आणि तुमच्या इमारतीचं बांधकाम एकूण बांधकामाच्या २५ टक्के आहे. तर तुमच्या सोसायटीचा हिस्सा १,००० चौरस मीटर धरला जाईल. अंतर्गत रस्ते आणि बगीचा यांतला हिस्सा अविभाज्य, म्हणजे सगळ्यांचा मिळून राहतो. म्हणूनच आर्किटेक्टचं प्रमाणपत्र नीट तपासा. त्यातला एक चुकीचा आकडा पुढे पुनर्विकासात अनेक फ्लॅटांएवढा महाग पडू शकतो.

कागदावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यांत फरक असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घेणं चांगलं. प्लॉटचा काही भाग रस्तारुंदीकरणात गेला असेल तर त्याची नोंदही बघा.

बिल्डरने हरकत घेतली तर?

हरकती बहुतेक वेळा ठरलेल्या असतात. 'अजून एफएसआय शिल्लक आहे', 'लेआउट पूर्ण झालेला नाही', 'काही सदस्यांकडे पैसे बाकी आहेत' किंवा 'जमिनीच्या मालकीचा वाद कोर्टात आहे'.

इथे जिल्हा उपनिबंधकांचा अधिकार किती, हे माहीत असलं पाहिजे. ते जमिनीचा मालक कोण याचा अंतिम निवाडा करत नाहीत. बिल्डरने करारात काय द्यायचं कबूल केलं होतं आणि ते दिलं का, एवढंच ते पाहतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सुलतानाबाद दर्शन सोसायटीच्या प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. ज्याला मालकीचा वाद आहे त्याने दिवाणी न्यायालयात जावं, त्यासाठी कन्व्हेयन्स थांबणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये अ‍ॅव्हॉन आर्केड प्रकरणात साधारण हीच दिशा कायम ठेवली.

पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. करारात जेवढं लिहिलं आहे त्यापेक्षा जास्त जमीन मागितली तर अर्ज अडकतो किंवा आदेश वरच्या कोर्टात टिकत नाही. मागणी आणि करार जुळले पाहिजेत.

स्टॅम्प ड्युटी पुन्हा भरावी लागते का?

सदस्यांना सगळ्यात जास्त भीती याची वाटते. फ्लॅट घेताना करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं असेल तर त्याच फ्लॅटसाठी पुन्हा पूर्ण शुल्क लागत नाही. कन्व्हेयन्सवर नाममात्र शुल्क आकारलं जातं.

अडचण त्या फ्लॅटांची असते ज्यांच्या करारावर शुल्क कमी भरलं किंवा भरलंच नाही. ताबा देणाऱ्या करारांना डिसेंबर १९८५ पासून पूर्ण शुल्क लागू झालं, त्यामुळे करार त्याआधीचा की नंतरचा हेही पाहिलं जातं. अशा फ्लॅटांची थकीत रक्कम दंडासह भरावी लागू शकते. २० सदस्यांपैकी दोघांचे कागद अपुरे असले तरी सगळ्यांचं काम थांबतं. म्हणून अर्ज करायच्या आधीच प्रत्येक फ्लॅटचा करार आणि भरलेलं शुल्क यांचा तक्ता बनवा.

दस्त नोंदवला, म्हणजे संपलं?

नाही. इथे अनेक सोसायट्या थांबतात. दस्त कपाटात ठेवला जातो आणि सातबारावर जुनंच नाव राहतं.

नोंदणीनंतर महसूल दप्तरात सोसायटीचं नाव चढवून घ्यावं लागतं. सातबारा असेल तर तलाठी कार्यालयात फेरफारासाठी अर्ज द्यायचा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. प्रॉपर्टी कार्ड असेल तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात होतं. सोसायटीचं नाव लागलेला नवा उतारा हातात आला की मगच काम पूर्ण झालं असं समजा.

डीम्ड कन्व्हेयन्सने काय मिळत नाही?

याबद्दल गैरसमज खूप आहेत.

अनधिकृत इमारत अधिकृत होत नाही. जमीन नावावर होणं वेगळं आणि बांधकामाला परवानगी असणं वेगळं. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांची महारेरात नोंदणी झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. अशा ठिकाणी प्रश्न कन्व्हेयन्सच्या खूप आधीचा आहे. २७ गावांत किंवा दिवा-मुंब्र्यात घर घेताना फक्त नोटरी केलेल्या कागदावर व्यवहार झाला असेल, तर ही प्रक्रिया तिथे लागू करणंही कठीण होतं.

ओसी मिळत नाही. स्वयंघोषणापत्रामुळे अर्ज पुढे जातो, पण महापालिकेचं ओसी त्यामुळे मिळालं असं होत नाही.

बिल्डरपेक्षा चांगला हक्क मिळत नाही. बिल्डरकडे जमिनीत जो हक्क होता तोच सोसायटीकडे येतो. जमिनीवर कर्जाचा बोजा किंवा वाद असेल तर तोही सोबत येऊ शकतो. म्हणून वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या.

सोसायटीच नोंदणीकृत नसेल तर?

आधी सोसायटी नोंदवावी लागेल. बिल्डर सहकार्य करत नसेल तर फ्लॅटधारक स्वतः सहकार खात्याकडे नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. बोलीभाषेत याला 'नॉन-कोऑपरेशन'खाली नोंदणी म्हणतात. त्यानंतर वर सांगितलेली प्रक्रिया सुरू होते.

मग आज काय करायचं?

कन्व्हेयन्सचं काम इमारत धडधाकट असतानाच सोपं असतं. तेव्हा जुने सदस्य हयात असतात, कागद सापडतात, बिल्डरच्या कार्यालयाचा पत्ता तोच असतो. इमारतीवर महापालिकेची नोटीस लागल्यावर हेच काम घाईत, चढ्या खर्चात आणि नव्या बिल्डरच्या अटींवर करावं लागतं. 'कन्व्हेयन्स आम्ही करून देतो' असं म्हणत येणारा विकासक त्याची किंमत तुमच्या वाढीव जागेतून वळती करतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेआधी तीन गोष्टी करता येतील. सर्व्हे नंबर टाकून सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. प्रत्येक सदस्याकडून इंडेक्स टूची प्रत गोळा करा. आणि सभेच्या विषयपत्रिकेत 'कन्व्हेयन्स' हा विषय 'आयत्या वेळचे विषय' यात न टाकता स्वतंत्र क्रमांकाने घ्या. सल्लागार किंवा वकील नेमलात तरी प्रत्येक कागदाची आणि पावतीची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात राहील याची काळजी घ्या. समिती बदलते, सचिव घर विकून जातात, पण फाईल राहिली तर पुढच्या समितीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.